रेव्ह म्हणजे काय गं?

सोलापूर,
६ जुलै २०२५

चि. संघप्रियास,

आईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. परेड करून पायाला फोड आलेत असं लिहिलंस, ते मेसवर भाकऱ्या थापताना सायराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोलिसात गेली की मऊ गादीवर झोपायला? मग तिनंच खोबरेल तेलात मेण कढवून डबी भरली. या पत्राबरोबर पार्सल करते. नुसती ठेवू नको, लाव.

रविवारच्या फोनवर धड काही बोलता येत नाही. तिकडं तुझ्या मागं पोरींची रांग, इकडं माझ्या पुढं मटणाची पंगत. ट्रेनिंग संपून हवालदारीण झालीस की मोबाईल तुझ्याच खिशात राहील, तोवर आपलं पत्रच बरं.

मेस जोरात आहे. जूनपासून मारिया मॅडम म्हणून एक नवीन बाई जेवायला येतात. कॉलेजात इंग्रजी शिकवतात, वसईकडच्या आहेत. पहिल्या दिवशी कडक भाकरी बघून पापड समजल्या. आता शेंगाची चटणी मागून घेतात आणि रात्री आईला फोन लावून आज काय जेवले ते सांगतात. त्यांनी आपल्या मेसबद्दल मोबाईलवरच्या नकाशात इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. वरच्या खोलीत राहणारी ईरम्मा, ती अक्कलकोटकडची, तिनं मोठ्यानं वाचलं. त्यात एक शब्द दोनदा आला. रेव्ह. शालनकाकूंच्या मेसला माझा रेव्ह, आणि मी रोज रात्री आईजवळ रेव्ह करते, असं काहीतरी.

मी मॅडमना विचारलं, रेव्ह म्हणजे काय गं? त्या म्हणाल्या, काकू, एखादी गोष्ट इतकी आवडते की माणूस सांगतच सुटतं, थांबत नाही, त्याला रेव्ह म्हणतात. सायरा भांडी विसळता विसळता म्हणाली, मतलब दीवानी होके बोलना. मॅडमना ते लई पटलं.

मला बाई रात्रभर कसंतरीच झालं. इतकी वर्षं पोरं जेवतात. मीठ कमी पडलं तर सांगतात, चांगलं झालं तर अजून एक भाकरी मागतात, झालं. कुणी असं लिहून ठेवलं नव्हतं. पाटीवर खाली मराठीत रेव्ह असा शब्द रंगवून घ्यावा असं मनात आहे. तू काय म्हणतेस?

एक सांगायचं राहिलं. परवा दोघं मोटरसायकलवरनं आले. आत आले नाहीत. पाटीचा फोटो काढला, ताट वाढत असलेल्या सायराचा काढला. जेवणार का विचारलं तर एकमेकांकडं बघून हसले आणि गेले. तेव्हापासनं जरा चुटपूट लागली आहे. काही नसेल म्हणा.

दुखणं अंगावर काढू नको. आहे ती माया तशीच राहू दे, वाढवलीस तर घरात जागा आहे.

तुझी,
आई

---

नागपूर,
१३ जुलै २०२५

ती. आईस,

सप्रेम जयभीम. डबी मिळाली. मेणानं फोड बसले, पण खोलीभर खोबरेलाचा वास सुटला, म्हणून पोरी मला आता कोकणातली म्हणतात. सायरा मावशीला सांग, गादी मऊ नाही आणि झोपही नाही.

तुझा शब्द मी लायब्ररीतल्या डिक्शनरीत बघितला. आई, तो शब्द सरळ नाही गं. मूळ अर्थ तापात बरळणे, वेड्यासारखं बडबडणे. त्याच्याच खाली दुसरा अर्थ, तोंड फाटेस्तोवर कौतुक करणे. पुढं अबाऊट लागलं की कौतुक, ॲट लागलं की आरडाओरडा. म्हणजे मारिया मॅडम बरोबर आहेत. सायरा मावशी तर डिक्शनरीच्या पुढं गेली, दीवानी या शब्दात दोन्ही अर्थ बसवले तिनं.

पण पाटीवर तो लिहू नकोस. हसण्यावारी नेऊ नकोस, ऐक. मागच्याच आठवड्यात आम्हाला अमली पदार्थांच्या कायद्यावर तास होता. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, रेव्ह पार्टी. आपल्याकडं पेपरात, टीव्हीवर हा शब्द येतो तो तेवढ्याच कामापुरता. फार्महाऊस, धिंगाणा, गोळ्या, पोलिसांची धाड. कौतुकाचा अर्थ इंग्रजीच्या बाईंना ठाऊक, बाकी सोलापूरला धाडीचाच ठाऊक. रोज रात्री रेव्ह असं कुणी अर्धवट वाचलं तर काय समजेल?

मारिया मॅडमना सांग, शब्द बदला. साधं व्हेरी गुड लिहा म्हणावं. आणि ते फोटो काढणारे परत आले तर नाव विचार. माझाही जीव उगीच वरखाली होतोय. तुला नसती सवय आहे, मोठी गोष्ट पत्राच्या शेवटी लिहायची.

सगळ्यांना जयभीम आणि मावशीला सलाम. तुझ्या मायेवरच इथली धाव पुरी होते, ती कमी करू नकोस.

तुझी,
संघप्रिया

---

सोलापूर,
२० जुलै २०२५

चि. संघप्रियास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. पाटी रंगवली नाही, काळजी करू नको. मॅडमनी ते लिहिलेलं काढून टाकलं आहे.

इकडं सगळं ठीक. पोरं जरा कमी आहेत. सायरा तिच्या भावाकडं, लालसाबकडं, मंद्रूपला गेली आहे. त्याच्या सुनेचं बाळंतपण आहे म्हणाली. मी आणि ईरम्मा मिळून भागवतो.

येत्या रविवारी फोन करू नको. मी जरा बाहेर आहे.

पायाला जप. लोभ आहे तो आहेच, तो काय कमी होतोय.

आई

---

नागपूर,
२७ जुलै २०२५

ती. आईस,

जयभीम. तू सगळं ठीक असं लिहिलंस. ठीक नाही हे मला परक्या पोरीच्या मोबाईलवरनं कळलं.

माझ्या तुकडीत प्रतिक्षा म्हणून सोलापूरचीच मुलगी आहे. तिच्या भावानं तिला व्हिडिओ पाठवला आणि मागच्या रविवारी तिनं तो सगळ्यांसमोर लावला. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये रोज रात्री रेव्ह, आणि पडद्यामागची सायराबानू कोण, असं खाली लाल पट्टीत पळत होतं. आपलं दार होतं. सायरा मावशीच्या हातात पळी होती. मेस कुणाची ते प्रतिक्षाला माहीत नव्हतं. मी गप्प बसले. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, आणि सोमवारी ट्रेनिंग सेंटरच्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी विचारलं, हे तुझंच घर का? मी हो म्हणाले. त्यांनी विचारलं, ती बाई कोण? मी सांगितलं, आईकडं कामाला असते.

मला चार गोष्टी खऱ्या खऱ्या कळव. पोलीस आले होते का? गुन्हा दाखल झाला आहे का? वरच्या खोलीतल्या मुलींची नावं कुठं नोंदवली होती का? आणि तू मला अंधारात का ठेवलंस?

आई, इथं यायला मी काय काय केलं ते तू बघितलं आहेस. दोनदा भरतीत मागं पडले, तिसऱ्यांदा लागले. एका लाल पट्टीनं ते जाऊ द्यायचं का? माझं ऐक. थोडे दिवस मेस बंद ठेव. आणि सायरा मावशी मंद्रूपला आहे तर तिथंच राहू दे. सगळं शांत होईपर्यंत तिनं मेसवर येऊ नये, असं तूच तिला समजावून सांग. नाव तिचंच आलं आहे. ती नसली की विषय आपोआप मिटेल.

उत्तर लगेच पाठव.

संघप्रिया

---

सोलापूर,
३ ऑगस्ट २०२५

चि. संघप्रियास,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं, मग पिठाच्या डब्याखाली ठेवलं, मग परत काढून वाचलं. आता तू विचारलंस तशी ओळीनं उत्तरं देते.

पोलीस आले होते. दुपारी, पोरं ताटावर असताना. राजेश्वरी मॅडम म्हणून फौजदार होत्या, बरोबर शिपाई. मॅडम बोलायला चांगल्या होत्या, पण काम ते काम. पिठाचे डबे उपसले, तांदळात हात घालून बघितलं, वरच्या पोरींच्या बॅगा उघडल्या. एका शिपायानं काळ्या मसाल्याच्या बरणीत नाक घातलं आणि त्याला शिंका आवरेनात. त्याही वेळी ईरम्माला हसू आलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला ती रडायला लागली. काही सापडलं नाही. सापडणार काय? मग मला आणि सायराला ठाण्यात नेलं.

मारिया मॅडम धावत आल्या. फौजदार मॅडमना इंग्रजीत समजावलं, मराठीत समजावलं. त्यांनी शेवटी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, अहो बाई, तुम्ही कौतुक केलंत आणि ह्यांनी त्याचा गुन्हा केला. आम्हाला चहा पाजला. मी म्हटलं, मॅडम, हे एवढं कागदावर लिहून द्या. त्या म्हणाल्या, गुन्हाच दाखल नाही तर निर्दोष असल्याचा कागद कसा देऊ? ते खरंच होतं. खोट्याला मोबाईल मिळतो, खऱ्याला कागद मिळत नाही.

त्यात मारिया मॅडमनी घाबरून आपलं लिहिलेलं पुसून टाकलं होतं. ते फोटो काढून गेलेले, मोबाईलवर बातम्या देणारे, म्हणाले, बघा, पुरावा मिटवला. त्या बिचारीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही.

वरच्या पोरींचे आईबाप एकेक करून आले. कुणी भांडलं नाही. खाली मान घालून सामान उचललं. ईरम्माचा बाप आला नाही म्हणून ती राहिली, पण तो येईल या धास्तीनं दार वाजलं की ती दचकते. मीही दचकते. रात्री उठून गॅस बंद आहे का बघते, कडी बघते, परत निजते, परत उठते.

घरमालक आण्णा आले. वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस. म्हणाले, शालनताई, महिनाभरात जागा सोडा. मग चप्पल घालता घालता म्हणाले, एक करा, सायराबाई नसल्या तर तुम्ही राहा, मी लोकांना सांभाळतो. तुमच्याबद्दल कुणाचं काय म्हणणं न्हाई की. हे सायरानं आतनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, लालसाबच्या सुनेचे दिवस भरलेत, जाऊन येते. लालसाबला सूनच नाही. त्याचा पोरगा अजून शाळेत जातो. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी तिला एसटीत बसवून आले. ह्या एका गोष्टीची मला लाज वाटते, बाकी कशाची नाही. मी हात धरून थांबवायला पाहिजे होतं.

म्हणून तुला खोटं लिहिलं. तुझी धाव थांबू नये एवढाच हेतू.

आता तुझ्या सायराबद्दलच्या ओळींचं. तू लिहिलंस, ती आईकडं कामाला असते. संघप्रिया, तुझे वडील गेले तेव्हा तू अंगावर पीत होतीस. मी दवाखान्यात आयाची रात्रपाळी करायची, आणि तू सायराच्या कुशीत झोपायचीस. तिचा नवरा ट्रकवर असायचा, घरात ती एकटी. लोकांनी तिलाही विचारलं असेल, ही कुणाची पोर घेऊन बसतेस? तिनं काय उत्तर दिलं मला माहीत नाही. पण, माझ्याकडं सांभाळायला असते, असं ती म्हणाली नसेल. मेस काढली तेव्हा निम्मी भांडी तिची होती. पाटीवर माझंच नाव का? कारण जागा मिळायला ते सोपं होतं. ती स्वतःच म्हणाली, तुझंच लिही. ते मी ऐकलं. आता वाटतं, तिथूनच चुकलं.

आण्णांचं मी ऐकून घेतलं, घर त्यांचं आहे. तुझं कशासाठी ऐकू? मी तुला नोकरीसाठी पाठवलं, पण आधी माणूस म्हणून वाढवलं होतं. ते चार प्रश्न लेकीनं विचारले की पोलिसानं, हे तूच ठरव आणि कळव. ती ओळ मी सायराला सांगितलेली नाही. सांगणारही नाही.

मी मेस बंद करणार नाही. तिला आणायला मंद्रूपला जाणार आहे. जागा कुठं मिळेल ते बघते आहे.

राग आहे. मायाही आहे. दोन्ही सांभाळून घे.

आई

---

मंद्रूप,
७ ऑगस्ट २०२५

प्यारी बेटी संघप्रियास,

सायरा मावशीचा सलाम आणि ढेर सारी दुआ. तू खुशाल असशील. मला लिहायची सवय न्हाई, सातवीनंतर हेच मोठं लिखाण. चूक झाली तर पोलीसबाईनं पकडू नये.

मी हितं भावाकडं बरी हाय. शेतात मूग तोडणीला आलाय, बाजाराच्या दिवशी लालसाबबरोबर जाते. पण सकाळी डोळा उघडला की हात आपोआप परातीकडं जातो. हितं माणसं मोजकी. एवढ्याशा पिठाला काय मळायचं? दुपार जाता जात न्हाई.

तुला शालननं सगळं कळवलं का न्हाई, ठाऊक न्हाई. तिनं लपवलं असंल. मी सांगते, तू घाबरू नको. कुणी मला जा म्हटलं न्हाई. मी आपणहून निघाले. माझ्यामुळं तिचं घर आणि तुझी नोकरी अडकू नये, एवढंच. त्या व्हिडिओत माझा फोटो लावला, बरं झालं बाई, शालनचा न्हाई लावला. मी म्हातारी, मला काय व्हायचंय?

मारियाला बोल लावू नका. तिनं तोंड भरून चांगलं म्हटलं. चांगलं म्हणणाऱ्याचा काय दोष? सोलापूरला आमच्या गल्लीत मला बघून बायका दार लावायला लागल्या, त्यांना तर इंग्रजी येत बी न्हाई.

आईच्या गुडघ्यावर लक्ष ठेव. ती एकटी मोठं पातेलं उतरवत असंल. तिला म्हण, ईरम्माला हाक मार.

एकच वाटतं. तू सोलापुरात असतीस तर मी गेलेच नसते. तू त्या पोरांना दारातनंच परत पाठवलं असतंस. माझ्याबद्दल एक शब्द कुणाला बोलू दिला नसतास. एवढ्यावर मी रात्री झोपते.

पाय बरा झाला का? डबी संपली असंल तर कळव. दुआ करते, तूबी आठवण ठेव.

तुझी,
सायरा मावशी

---

नागपूर,
१५ ऑगस्ट २०२५

ती. आईस,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मंगळवारी आलं. मी चिडले होते. उत्तर लिहायला बसले होते, त्यात खूप काही होतं, माझी बाजू, भरतीची तयारी, सगळं. ते लिहून व्हायच्या आत मावशीचं पत्र आलं. ते वाचून मी माझं फाडलं.

तुझ्या रागाला उत्तर देता आलं असतं. तिच्या विश्वासाला देता येईना. ग्राउंडवर उभी होते तरी ते वाक्य कानात. एक शब्द कुणाला बोलू दिला नसतास. आणि बोलणारी मीच होते.

काल मी आपणहून मॅडमच्या ऑफिसात गेले. सांगितलं की त्या दिवशी मी चुकीची माहिती दिली. ती बाई आईकडं कामाला नाही, मेस दोघींची आहे, आणि तिनं मला वाढवलं आहे. तो व्हिडिओ खोटा आहे, शब्दाचा अर्थ न कळून किंवा कळूनही केलेला आहे. मॅडमनी विचारलं, हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस? मी म्हणाले, भीती वाटली. त्या म्हणाल्या, तुझ्यावर कारवाई होण्यासारखं काहीच नव्हतं, मी फक्त चौकशी केली होती. पण उद्या तुझ्या पुढं अशीच एखादी बाई उभी राहील आणि तिच्यामागं गर्दी असेल, तेव्हा भीती वाटली तर काय करशील? त्यांनी पुढची फाईल ओढली. जा म्हणाल्या.

संध्याकाळी मी तुकडीतल्या सगळ्यांना रेव्ह या शब्दाचे दोन्ही अर्थ सांगितले. अबाऊट आणि ॲटसकट. प्रतिक्षा उठून बाहेर गेली. मला वाटलं चिडली. रात्री येऊन म्हणाली, मी तो व्हिडिओ चौघांना पुढं पाठवला होता, रविवारी मोबाईल मिळाला की त्यांना खरं काय ते सांगते. सांगेल का, सांगितलं तरी ते ऐकतील का, माहीत नाही.

मावशीला मी वेगळं पत्र आजच टाकलं आहे. मी तुला काय लिहिलं होतं ते त्यात जसंच्या तसं लिहिलं आहे. तू लपवलंस ते माझ्यासाठी, पण मला ते लपलेलं नको. तिनं माझ्याबद्दल चांगलं समजून झोपावं आणि ते खोटं असावं, हे सहन होत नाही. ती मला टाकेल का गं? टाकलं तर तिचं बरोबरच असेल.

आमची दीक्षांत परेड डिसेंबरात आहे. घरच्यांना बोलावतात. नक्की तारीख आली की कळवते. तू येशील ना?

तू विचारलं होतंस, लेक की पोलीस. त्या दिवशी धड दोन्ही नव्हते. आता दोन्ही व्हायचा प्रयत्न करते.

चुकलेल्या पोरीवर असतो तेवढा लोभ असू दे.

तुझी,
संघप्रिया

---

सोलापूर,
३१ ऑगस्ट २०२५

चि. संघप्रियास,

पोटभर आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. उशीर झाला लिहायला, पण आधी काय ते होऊ दे, मग लिहू, असं ठरवलं होतं.

मंद्रूपला गेले. मारिया मॅडम हट्टानं बरोबर आल्या. सायरा दारातच मूग निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. मी ओळखलं, तुझं पत्र पोचलं. तिनं चहा केला, मॅडमना भाकरी वाढली, माझ्याशी मात्र बोलेना. शेवटी लालसाबच बोलला. म्हणाला, आपा, माझी बहीण काय वाटेवर पडलेली न्हाई. तिथं तिच्या नावावर लोक थुकले, आन् तुमच्याच घरातनं तिला येऊ नको म्हटलं गेलं. ती आता कुटं येणार न्हाई. खरंच होतं. मी म्हटलं, व्हय, म्हटलं गेलं. न्यायला आले ते मनधरणी करून न्यायला आले, हक्कानं न्हाई.

मारिया मॅडम रडायला लागल्या की सगळं आपल्या एका शब्दानं झालं. तेव्हा सायरा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मॅडम, तुमचा शब्द चांगलाच होता. पण तुमच्या चांगल्या लिखाणात नाव आलं शालनचं, आन् वाईट बातमीत नाव आलं माझं. मसाला माझा, मटण माझं. चांगल्यात मी कुटंच नव्हते, म्हणून वाईटात घालायला सोपी गेले. हे इंग्रजीनं केलं न्हाई, आपणच केलं.

बाई गं, मला खाली बघावं लागलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी तोंडातनं काढलं नव्हतं. मी विचारलं, मग काय करू सांग. ती म्हणाली, यायचं तर पाटीवर दोन्ही नावं. जागा मिळो न मिळो, गिऱ्हाईक येवो न येवो. मी व्हय म्हटलं. लालसाब अजून रागातच होता, पण एसटीपर्यंत मुगाचं गाठोडं त्यानंच डोक्यावर घेतलं.

जागा मिळायला लई वणवण झाली. एकीकडं तिचं नाव ऐकून दार लावलं, दुसरीकडं माझं आडनाव विचारून. दोघी एकत्र गेलो की नकार जरा लवकर मिळतो, तेवढाच वेळ वाचतो, असं सायरा म्हणाली. शेवटी होटगी रोडला आतल्या बाजूला एक गाळा मिळाला, मागं राहायला दोन खोल्या. पत्रे आहेत, उन्हाळ्यात भाजणार. आण्णांनी निघताना मोठी परात उचलून टेम्पोत ठेवली, वर बघितलं नाही. मागं काही राहिलं न्हाई ना, एवढंच मी त्यांना विचारलं.

पाटी लावली. शालन आणि सायरा यांची खानावळ. रंगाऱ्यानं दोनदा विचारलं, नक्की का? सायरा म्हणाली, अक्षरं सारखी काढ, एक बारीक एक मोठं नको. ते बातमीवाले खरं काय ते दाखवायला तयार नाहीत. मारिया मॅडमनी परत मोबाईलवर लिहिलं आहे, या वेळी मराठीत, दोघींची नावं घालून. मी विचारलं, तो शब्द घातला का? त्या म्हणाल्या, हो काकू, घातला. अर्थ कंसात नाही, आधी समजावून सांगितला आणि मग घातला. भिऊन पुसला तीच चूक झाली. सायरा म्हणाली, असू दे.

गिऱ्हाईक थोडं आहे. पहिल्या दिवशी पातेलंभर आमटी उरली, शेजारपाजारी वाटली. चौथ्या दिवशी ईरम्माचा बाप आला. आम्हाला वाटलं, झालं, हीपण चालली. ईरम्मा कोपऱ्यात उभी. तो कानडीत तिच्याशी काय काय बोलला. मग हात धुऊन पाटावर बसला. सायरानं वाढलं. पोरीला पुढं शिकवायचं का, तिला हितं ठेवायचं का, सगळा विचार त्याचा त्या ताटावरच चालला होता, दिसत होतं. उठला, पाटी परत एकदा वाचली, आणि मला म्हणाला, ऊरमंदी, गावामंदी, लोक काय बी म्हनतात, आमी सोता बघून जातो म्हनून आलो. पोरगी हितंच ऱ्हाईल. आणखी दोन पोरींचे बाप विचारतात, त्यांना सांगतो. तो गेल्यावर ईरम्मा पोटभर रडली, आणि मग दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अजून मला रात्री जाग येते. कडी बघायला उठते. पण आता सायराही उठलेली असते. मग दोघी बसून लसूण सोलतो.

आता तुझं. तू विचारलंस, ती मला टाकेल का. मी मंद्रूपला विचारलं नाही, एसटीत विचारलं नाही. काल तुला पत्र लिहायला बसले तेव्हा विचारलं, सायरा, पोरीला तुझ्याकडनं काय लिहू? तिनं पीठ मळायला घेतलं. मग म्हणाली, लिही, राग हाय. मी लिहू लागले. पुढं म्हणाली, लिही, कामाला असते असं तू म्हटलंस ते मला लई लागलं, टाकलं असतंस तर इतकं लागलं नसतं. तेही लिहिलं, बघ. मी म्हटलं, अजून काही? ती म्हणाली, न्हाई, एवढंच.

मी पाकीट बंद करायला घेतलं तशी आतनं हाक मारली, डिसेंबरात नागपूरला थंडी किती असते ते विचार तिला. आणि गाडीचं तिकीट काढशील तेव्हा दोन काढ.

कळव, थंडी किती असते ते. दोघींचा जीव तुझ्याकडं लागला आहे, एकीचा रागासकट. तो असाच लागून राहू दे.

तुझी,
आई